बागेतल्या वळणाचा ढाळ

“लिहा, शर्यतपटूच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला,” प्रेसिडेंटसाहेब म्हणाले.

मी टाक उचलला नाही. “साहेब, मी अजून जागा मोजली नाही.”

“मोजायचंय काय त्यात? शेकडो माणसांनी पाहिलं. पोरगा बेफाम सुटला आणि रेलिंगवर आपटला.”

ते म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष आणि मी तिथला ओव्हरसियर. ओव्हरसियर म्हणजे रस्ते, गटारं, इमारती यांच्या कामावर देखरेख करणारा माणूस. पश्चिम खानदेशातलं, तापीच्या काठापासून फार लांब नसलेलं ते गाव. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मी रुजू होण्याआधीच गावच्या बागेत कारंज्याभोवती सिमेंटचा लांबट गोल रस्ता झाला होता, त्याच्या बाहेरच्या कडेला लोखंडी गजांचं रेलिंग. गावात सिमेंटचा रस्ता तेवढाच. लोक संध्याकाळी त्यावर फेऱ्या मारत.

मग एका सायकल दुकानदाराने सुरतेहून चाकांचे बूट आणले. त्यांना स्केट म्हणत. खरं तर ते लोखंडी चाकांचे सांगाडे, आपल्या बुटाखाली पट्ट्याने बांधायचे. आधी नुसती गंमत होती. माणसं पडत, बघणारी हसत. मग कोण जास्त वेगाने जातो याची चढाओढ लागली, आणि दोन वर्षांत होळीच्या आधीच्या बाजाराला शर्यत ठरूनच गेली. डोंगरातून बाजाराला आलेली माणसंही ओझी खाली ठेवून रेलिंगला उभी राहत.

सगळ्यांत वेगवान होता वामन शिंपी. मूळचा रनाळ्याचा, गावात मशीन टाकून बसलेला. दिवसभर मशीनवर वाकून बसणारा हा माणूस बागेतही वाकूनच धावायचा. एक हात पाठीवर, दुसरा झुलता. बोलणं अगदी थोडकं. पण चाकं पायात आली की त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत, पूर्वेच्या वळणावर तो बाहेर फेकला गेला. उजवा पाय रेलिंगच्या गजांत अडकला आणि घोट्याच्या वर मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी फळ्या बांधल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “हाड जुळेल, पण घोटा वळेल याची खात्री नाही.” शिंप्याचं मशीन पायाने चालतं. मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

प्रेसिडेंटसाहेबांकडून मी ऑफिसात आलो तर दाराशी वामनची बायको उभी. सरूबाई.

“साहेब, लोके म्हणतस, मन्हा धनी दारू पीसन पडना. त्यासनी कधी हात लावा नही दारूले.”

“बाई, मी तसं काही म्हटलेलं नाही.”

“मंग चूक कोनी शे?”

“अजून मला माहीत नाही.”

“मंग दखा ना,” ती म्हणाली. “दखीसन सांगा. त्यासनीच चूक व्हई, तरी सांगा.”

त्या शेवटच्या वाक्यानंतर मला खुर्चीत बसवेना. पाणसळ आणि लांब पट्टी घेऊन मी बागेत गेलो. पाणसळ म्हणजे आत पाणी आणि हवेचा बुडबुडा असलेली नळी. जमीन कुठे कलली आहे ते ती दाखवते. वळणावर पट्टी आडवी ठेवली. बुडबुडा आतल्या कडेकडे सरकला. म्हणजे आतली कड उंच, बाहेरची खाली. रस्ता बाहेर कललेला होता.

यात बांधणाऱ्याची लबाडी नव्हती. पावसाचं पाणी कारंज्याकडे आत साचू नये म्हणून त्याने ढाळ बाहेर दिला होता. ढाळ म्हणजे पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. पण वेगात वळणाऱ्याला आधीच बाहेर ओढ असते. म्हणून तर रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. इथे नेमकं उलटं होतं. वामन वेगात होता हे खरं, पण शर्यत वेगाचीच होती.

मी रिपोर्टात तेवढंच लिहिलं. प्रेसिडेंटसाहेबांनी तो वाचला आणि टेबलावर सरकवला.

“हा रस्ता माझ्या कारकिर्दीत झाला, ठाऊक आहे ना?”

“रस्ता चांगला आहे, साहेब. चालायला केला होता. आपण तो शर्यतीला दिला.”

“आपण म्हणजे मी. परवानगी मीच दिली.”

त्यांनी रिपोर्टावर बोट टेकवलं.

“हे बदलणार नाही तुम्ही?”

“एकदा बागेत चला. मग सांगाल ते करू.”

ते आले. सोबत दोन मेंबर होते. मी माळ्याकडून बादली मागवली आणि वळणाच्या मधोमध पाणी ओतलं. ते सरळ बाहेर गेलं आणि रेलिंगच्या गजांखालून निघून गेलं. साहेब पुढे होऊन गजांजवळ उभे राहिले. एक गज अजून वाकलेलाच होता.

“तो शिंपी कुठे राहतो?” त्यांनी विचारलं.

आम्ही गेलो. वामन खाटेवर होता. उठायला धडपडला, साहेबांनी खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. “तुझी चूक नव्हती,” ते म्हणाले. “रस्ता शर्यतीचा नव्हता. परवानगी देण्याआधी मी चौकशी करायला हवी होती.” सरूबाई दारात उभी होती. पदर तोंडाशी धरून ती आत निघून गेली.

“साहेब, शर्यतना खेय बंद नका करज्यात,” वामन एवढंच म्हणाला.

म्युनिसिपालिटीच्या सभेत माझा रिपोर्ट जसाच्या तसा मंजूर झाला. त्यानंतर महिनाभरातच माझ्याकडची बांधकामं काढून मला गटारांवर नेमण्यात आलं. का, ते कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वळण फोडून ढाळ आत घेतला, पाण्याला आतून नाली काढली, ते काम दुसऱ्याने केलं. चांगलं केलं. पुढे त्या वळणावर कोणी पडलेलं मी ऐकलं नाही.

वामनचा घोटा आखडला तो कायमचा. तो कापड बेतायचा, सरूबाई मशीन चालवायची. एका वर्षी तो काठी टेकत शर्यत बघायला आला होता. शर्यत सुरू होण्याआधीच परत गेला. मी हाक मारली नाही.

लढाई आली तशी स्केटची चाकं मिळेनाशी झाली. हवाई हल्ल्यात लपायला म्हणून बागेत खंदक खणले, ते रस्त्याच्या आरपार गेले. विमानं काही आली नाहीत. रस्ता मात्र पुन्हा जोडला गेला नाही.

नोकरीत मी पुढे पुष्कळ अपघातांचे रिपोर्ट लिहिले. प्रत्येक वेळी माणसाची चूक सगळ्यांना आधीच माहीत असायची. जमीन मोजायची तेवढी राहिलेली असायची.