दैवशाला आक्का आणि पत्र्यावरचा धोंडा

रोज वहीत आधी श्रीराम लिहिते, मग दिवसाचं. आज सोललेल्या तळव्यात लेखणी धरवेना, 'श्री' दोनदा गिरवावा लागला. तरी आक्कांचं आजच लिहायचं. उद्यावर टाकलं तर भीती ओसरेल, आणि मग मी त्यांना कमी लेखेन.

आक्का म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, दैवशाला. राहतात तीर्थपुरीला. साठीला टेकल्या आहेत, उंची बेताची, आवाज मात्र दोन वावरं ओलांडून जाणारा. लग्नानंतर बरीच वर्षं त्या अंकुशनगरला होत्या. तिथं दाजींचं, अंगदरावांचं, वेल्डिंगचं दुकान होतं. गोठ्यांवर, शेडवर पत्रे टाकायची कामं ते घेत. मजूर आला नाही की आक्का खालून पत्रा धरायच्या. पुढं पुढं शिडी चढायला लागल्या. दाजी गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही दुकान मोडून माहेरी येईल. आक्कांनी तेरावं झाल्यावर दाजींचा पाना कमरेला खोचला आणि कबूल केलेल्या तीन शेड पुऱ्या करून दिल्या. अजूनही पाहुणी म्हणून कुठं गेल्या तरी पिशवीत लुगड्याच्या घडीत पाना असतोच.

काल त्या केदारखेड्याला आमच्याकडे आल्या, मीनाचं बाळ बघायला. माझी लेक मीना बाळंतपणाला आली आहे, नात वीस दिवसांची झाली. आक्कांनी झबलं, टोपडं, खारीक-खोबरं आणलं होतं. संध्याकाळी वारं सुटलं आणि पत्र्यावरून एक धोंडा घरंगळत वळचणीपर्यंत गेला. आम्हाला त्या आवाजाची सवय आहे. पण आक्का ताडकन उठल्या आणि पाळण्यावर दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या.

पत्रे टाकले तेव्हा ते खालच्या लोखंडाला आवळायचे आकडे कमी पडले होते, म्हणून धोंडे ठेवले. वीस वर्षं तसंच राहून गेलं, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "वैशाखाचं वारं हाय, साधना. पत्रा उचलला की तो बाहेर उडतो अन् धोंडा आत येतो. खाली कोण निजलंय, हे त्याला कळत न्हाई."

मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी हे एका लग्नाला निघून गेले. जाताना म्हणाले, अमावस्या झाल्यावर बघू. आक्कांनी 'हो' म्हटलं आणि ह्यांची गाडी वळणाआड गेली तशी बाजारात जाऊन रिक्षातून दोन नवे पत्रे, आकडे आणि दोर घेऊन आल्या. मीनाला बाळासकट समोरच्या राजकुमारीभाभींकडे धाडलं, त्यांचं घर स्लॅबचं आहे. भाभी दारात येऊन म्हणाल्या, बच्चीची बिलकुल फिकर करू नका, पण दैवशालाबाई, पडायचं असंल तर आमच्या बाजूला पडू नका, आत्ताच फरशी बसवलीय. आक्का हसल्या. मला हसू आलं नाही.

शिडी मी धरली होती. आक्कांनी काष्टा घातला आणि वर गेल्या. पत्र्याखाली जिथं लोखंडी अँगल आहे, बरोबर तिथंच त्या पाय ठेवत होत्या, पण माझे डोळे त्यांच्या तळव्यांवरच खिळले होते. तोंडानं नामजप चालू होता आणि तोही चुकत होता. त्यांनी घमेल्याला दोर बांधला, त्यात एकेक धोंडा ठेवून खाली सोडायला लागल्या. तो मी उचलायचा आणि कुंपणाकडेला नेऊन लावायचा. पाच झाले, दहा झाले. माझी पाठ भरून आली, पण जसजसा पत्रा मोकळा होत गेला तसतसं छातीवरचंच कोणीतरी उतरवून घेत असल्यासारखं वाटलं.

मग एकच राहिला. त्याची पाळी येणार हे मला सकाळपासून ठाऊक होतं.

पत्रे टाकले त्या दिवशी पहिला धोंडा मी पुजून वर चढवला होता. शेंदूर लावला, नारळ फोडला. घराचा राखणदार म्हणून. दर अमावस्येला अंगणात उभं राहून मी त्याला उदबत्ती दाखवते. सगळ्यांत मोठा तोच, आणि तो होता पाळण्याच्या खोलीवर.

"आक्का, तेवढा राहू द्या."

"का?"

"तो राखणदार आहे."

मला वाटलं त्या चिडतील. त्या धोंड्याजवळ सरकून बसल्या, पदरानं हात पुसून त्याला हात लावून कपाळाला लावला. मग म्हणाल्या, "वीस वर्सं याला असं उन्हात बसवलं व्हय गं? मला तासभर बसवंना."

मी खालून सांगत राहिले. घरात वीस दिवसांचं लेकरू आहे, अशा वेळी राखणदार हलवू नये, त्याचा कोप झाला तर मी काय करू? धोंडा वर राहिला तरी भीती, उतरवला तरी भीती, आणि मधे ते वीस दिवसांचं पोर.

आक्कांनी रिकामं घमेलं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "मी त्याला माझ्या हातानं उचलून राह्यले. कोपला तं माझ्यावर कोपंल. मला ना मागं कोणी, ना पुढं. तू दोर धर."

मी दोर धरला.

तो घमेल्यात मावेना. त्यांनी त्याला पोत्यात घालून आडवा-उभा दोर आवळला, दोराचा एक वेढा बाहेर आलेल्या अँगलला दिला आणि टोक माझ्याकडे टाकलं. धोंड्याखाली उभं राहू नको, असं तीनदा बजावलं. त्यांनी धोंडा कलता केला आणि पत्रा करकरला. त्यांचा डावा पाय घसरला, त्या गुडघ्यावर आपटल्या, धोंडा वळचणीवरून सुटला आणि दोर माझ्या हातातून सरसर पळाला. तळवे सोलून निघाले. मी पाय रोवून मागं रेलले. वेढ्यानं दोर आवळला गेला, धोंडा हिसका खाऊन अधांतरी थांबला आणि मग हळूहळू खाली आला. त्या वेळी देवाचं नावसुद्धा तोंडात नव्हतं.

मी हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्या हळूच म्हणाल्या, "साधना, आत जा अन् वर बघ."

मी आत गेले. पाळण्याच्या कडीच्या अगदी वर परातीएवढा उजेड होता. कडा पापडासारख्या तुटत होत्या, आणि गंजाचा तांबडा भुगा नातीच्या दुपट्यावर पडत होता. त्या भोकातून आक्कांचा चेहरा दिसत होता.

"पाणी अडून बसतं धोंड्याखाली, पत्रा खातं," त्या म्हणाल्या. "नुसता पापुद्रा राह्यल्ता. हे देवाचं न्हाई गं, पाण्याचं काम हाय."

मी तिथंच खाली बसले. काल दुपारी त्याच दुपट्यावर नातीला निजवून मी शेजारी निवांत डाळ निवडत होते.

पुढचं काम झपाट्यानं झालं. सडका आणि त्याच्या शेजारचा असे दोन पत्रे काढले, नवे दोन सरकवले, बाकीच्या पत्र्यांनाही राहिलेले आकडे लावले. आकडा आतून अँगलला अडकवायला एक माणूस लागतं. ते मी झाले, स्टुलावर उभी राहून. वरून आक्का नट आवळायच्या. "आला का?" "आला." असं पन्नासेक वेळा. आकड्याचं भोक पत्र्याच्या खोल सरीत पाडायचं नाही, वरंब्यावर पाडायचं, म्हणजे गळत नाही, हेही त्यांनी शिकवलं. दाजींनी त्यांना असंच शिकवलं होतं म्हणे. खाली उतरल्यावर त्यांनी शेंदराचा धोंडा लिंबाच्या सावलीत नेऊन बसवला, आणि मग भाकरी मागितली. त्यांचा गुडघा सुजला होता.

पाचच्या सुमाराला पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं. मीना भाभींच्या दारात बाळ घेऊन उभी राहिली आणि मानेनंच विचारलं, येऊ का? मला हो म्हणवेना. आक्का खोलीत गेल्या आणि रिकाम्या पाळण्याखाली पाय पसरून बसल्या. मी उंबऱ्यावर. आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती.

वारं आलं ते धूळ घेऊनच. समोरचं दार दिसेनासं झालं. गल्लीत कुणाचा तरी पत्रा धाडधाड आपटत होता. आमचा नुसता घुमत होता. मी एकेका आकड्याकडे बघत होते, जणू माझी नजर हटली तर तो निसटेल. किती वेळ गेला कळलं नाही. वारं पडलं तेव्हा आक्का भिंतीला डोकं टेकून घोरत होत्या.

मीना बाळाला घेऊन पुन्हा भाभींच्या दारात आली होती. भीती गेली होती असं नाही. मी स्टूल ओढून पुन्हा वर चढले, पाळण्यावरचे सगळे आकडे एकेक करून हातानं हलवून बघितले. एकही हलला नाही. खाली उतरून दुपटं अंगणात झटकलं, पाळण्यात धुतलेली गोधडी घातली आणि दारात येऊन मीनाला म्हटलं, "आण तिला."