फुलस्केपच्या तीन घड्या

मध्यस्थीच्या पहिल्या तारखेला मी लातूरच्या कोर्टात जीप भरून अकरा माणसं घेऊन गेलो.

लग्न ठरवायला आमच्याकडून सतराजण गेले होते. मोडायला अकरा, म्हणजे आपण आटोपशीर काम करतोय अशी माझी समजूत. बायको एकटीच आली होती. मध्यस्थ वकीलबाईंनी दारातला घोळका पाहिला आणि विचारलं, "यातले नवरा कोण?" मी हात वर करेपर्यंत नायगावच्या चुलत्यांनी सुरुवात केली होती, "साखरपुड्यात मला टॉवेल, अन् ह्याच्या मामाला फेटा!" दहा मिनिटांत पुढची तारीख पडली.

बाहेर माझ्या वकिलांनी हात जोडले. "सर, केस मी लढतो. पण दिवसाला नऊ फोन मला झेपत नाहीत. अहमदपूरला एक बाई आहेत, नांदेडहून येताना वाटेतच. आधी त्यांना भेटत जा."

बाईंनी सगळी नोकरी कोर्टात टाइपरायटरपुढे काढली होती. लोकांच्या मोडलेल्या संसारांचे कागद बडवून बडवून त्यांना एक कळलं होतं: माणूस कायद्याने कमी हरतो, तोंडाने जास्त. रिटायर झाल्यावर त्या अशा माणसांना तारखेसाठी तयार करायच्या. घरी सुनेचा शिवणक्लास चालायचा, म्हणून भेट एस्टी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर. नांदेडहून मी आलो की उतरायचं, तासभर बसायचं, मागची लातूर गाडी धरायची.

पहिल्या दिवशी मी बायकोच्या चुकांची चार पानं लिहून नेली होती. शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे मुद्देसूद. बाईंनी ती वाचली. मग पिशवीतून कोरा फुलस्केप काढला, त्याच्या तीन घड्या घातल्या आणि प्रत्येक घडीवरून नख ओढलं. पहिल्या भागात माझी एकच ओळ उतरवली. "हे वकिलाचं." दुसऱ्यात, मला झोप येत नाही ती ओळ. "हे समुपदेशकाचं. लातूरला एक मॅडम हायेत, त्यांच्याकडं जायचं." तिसरा भाग मात्र खालपर्यंत भरला.

"आणि हे?" मी विचारलं.

"हे उशीचं. उशीला सांगा. ती उलटतपासणी घेत न्हाई."

तुम्हीही कोर्टाच्या आवारात फुकट सल्ले देणारी माणसं पाहिली असतील. बाईंचं उलटं होतं. मुलीचा ताबा मिळेल का, असं मी विचारलं की त्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करायच्या. "वकिलाला इचारा. मी वकील न्हाई, डॉक्टर न्हाई, अन् तुमची आत्या बी न्हाई."

मी एकदा व्हॉट्सअॅप स्टेटसला विश्वासघाताबद्दल एक सुविचार टाकला. अकराव्या मिनिटाला बाईंचा फोन. "सर, काय करायलात? ते स्टेटस काढा. आधी काढा, मग बोला." काढलं. बोलायला काही उरलं नाही.

खरं सांगायचं तर मला हवं होतं एवढंच: मुलगी. ती चौथीत होती, आईबरोबर लातूरला. पाच महिने ती फक्त फोनवर भेटत होती. महिन्यातून दोन शनिवार-रविवार ती नांदेडला यावी, यासाठी माझी सगळी धडपड होती. म्हणजे असं मी समजत होतो. बाईंनी तीन प्रश्न विचारले.

"वर्गाच्या मॅडमचं नाव काय?"

माहीत नव्हतं.

"बुटाचा नंबर?"

मी स्टँडवरच्या गाड्यांचे नंबर वाचू लागलो.

"एस्टीत कशी बसती?"

"सीटवर," मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "चार पानं लिवली तुम्ही. त्यात पोरगी एकदा बी आली न्हाई." मग समजावलं, "फोनवर तिला तिचंच इचारा. आई काय म्हणती, ते इचारायचं न्हाई. पोरीला पोस्टमन करू नका."

महिनाभर मी तेवढंच केलं. अवघड गेलं. ती पहिल्यांदा संशयाने म्हणाली, "पप्पा, तुम्हाला बरं नाही का?"

पुढच्या तारखेला एकटा गेलो. चुलत्यांनी आठवडाभर अबोला धरला, तेवढी विश्रांती मिळाली. मध्यस्थ वकीलबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" अहमदपूरच्या बाईंनी सांगितलं होतं तसं मी आधी पाणी प्यालो. मग म्हणालो, दुसरा आणि चौथा शनिवार. न्यायला मी येईन, सोडायलाही मीच. बायको खाली बघतच म्हणाली, "तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे. जमायचं नाही हिला."

"तिला गाडी लागते," मी म्हणालो. "चाकावरच्या सीटवर बसवायचं नाही. पुढे, खिडकीशी. निघण्याआधी दूध द्यायचं नाही, आवळासुपारी जवळ ठेवायची. अहमदपूरला उतरून थोडं चालवायचं."

बायकोने पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाली, "दोन महिने बघू." आमचा घटस्फोट झाला, ते 'बघू' अजून चालू आहे.

येताना बातमी सांगायला उतरलो. बाईंनी ऐकून घेतलं, फुलस्केपची उशीची घडी फाडून माझ्या हातात दिली आणि शेजारी रडत बसलेल्या हदगावच्या एका बाईकडे वळल्या. "तुमची गाडी लागली, सर. आता हितं उतरायचं ते पोरीला चालवायला."

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. मला कळलं वकिलांकडून, तेराव्यानंतर.

परवाच्या शनिवारी अहमदपूरला गाडी थांबली. मुलीला घेऊन खाली उतरलो, चौकशीच्या खिडकीपर्यंत गेलो. बाकावर कुणाची तरी भाजीची पिशवी होती, माणूस नव्हतं. मी जरा गंभीर होऊन म्हणालो, "इथे एक बाई बसायच्या. तुझा बाप कसं व्हायचं, ते त्यांनी मला शिकवलं."

मुलीने बाक पाहिला. मग नांदेडहून मी आणलेल्या नव्या बुटात टाच वरखाली करून दाखवली. टाच सहज बाहेर आली.

"दोन नंबर मोठा आहे, पप्पा," ती म्हणाली. "बुटाचा धडा झाला त्या दिवशी तुम्ही गैरहजर होता वाटतं."