बाई थांबली की मागं आयक

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेलापूरला शिष्यवृत्तीच्या अर्जावर शिक्का घेण्यासाठी रांगेत उभी होते. पुढे चार माणसं होती आणि जेवणाची सुट्टी व्हायला थोडाच वेळ उरला होता. आई म्हणाली, "करुणा, वरचे नाना गेले गं. सकाळी चहा घेता घेता. लवकर ये." मी "हो" म्हटलं, फोन पिशवीत टाकला आणि रांगेतच उभी राहिले. शिक्का घेतला, पोचपावती घेतली, मगच निघाले. सारसोळ्यात पोचले तेव्हा नानांना नेलं होतं. जिन्यात चपला तेवढ्या खूप होत्या... फोन आल्यावरही रांगेत थांबले, हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण नानांबद्दल लिहायचं तर जे सांगितलं नाही तेच आधी लिहावं लागेल, असं मला गेले काही आठवडे वाटतंय.

नाना म्हणजे हिराजी तांडेल, आमचे घरमालक. गावठाणात त्यांच्या जुन्या घराच्या जागी उभी राहिलेली तीन मजली इमारत आहे. शेजारची इमारत इतकी जवळ की खिडकीतून हात लांब केला तर तिच्या भिंतीला लागतो. तळमजल्यावर भाड्याने आम्ही, पहिल्या मजल्यावर नाना, त्यांचा मुलगा आणि सून भारतीवहिनी. माझे वडील मराठवाड्यातून आले, उरणच्या रस्त्यावर एका गोदामात कंटेनर उतरवून घेण्याचं काम करतात. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. आमच्या खोलीत दोन लहान भाऊ आणि टीव्ही असल्यामुळे अकरावीत असताना वहिनींनीच आईला सांगितलं होतं, "तिला वर पाठवा. आमच्या हॉलात नानांशिवाय कोन नसतो." तेव्हापासून मी शोकेससमोरच्या सतरंजीवर बसून अभ्यास करायचे आणि नाना माझ्या पाठीमागे त्यांच्या यंत्रांशी काहीतरी करत असायचे.

नाना लहानपणी वडिलांबरोबर होडीवर जात. पुढे रेडिओ दुरुस्ती शिकले आणि नेरूळमध्ये त्यांनी बरीच वर्षं दुकान चालवलं. दुरुस्तीला आलेल्या एका रेडिओवर त्यांनी पहिल्यांदा बाईंचं गाणं ऐकलं. या गायिकेचं नाव ते कधी घेत नसत, नुसतं "बाई" म्हणत. म्हणून मीही तसंच लिहिते. नवीन सोसायट्यांमध्ये राहायला आलेली माणसं वडिलांच्या जुन्या तबकड्या जागा नाही म्हणून भंगारात द्यायची, त्या नाना भंगारवाल्याकडून उचलून आणायचे. नानांची बायको बाईंना "माझी सवत" म्हणायची, असं वहिनी हसत सांगतात. वहिनी स्वतःही काही कमी नाहीत. बाईंची तान सुरू झाली की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "नाना, तिला जरा पानी द्या, घसा बसंल तिचा!" नाना म्हणायचे, "तुजा नाय बसत तो!"

नानांचं एक काम चाललं होतं. बाईंची चौदा गाणी त्यांच्याकडे चार-चार रूपांत होती. मूळची लाखेची तबकडी, पुढे निघालेली लाँग प्ले, मग कॅसेट आणि मग सीडी. गाणं तेच, त्या दिवशीचा आवाजही तोच, पण दर वेळी कुणीतरी तो नव्याने काढलेला. कोणतं गाणं कोणत्या प्रतीत ऐकावं, याची यादी त्यांना करायची होती. ठाण्याच्या एका ग्रंथालयाने सगळा संग्रह घेण्याचं कबूल केलं होतं, आणि संग्रहासोबत ही यादी जावी अशी नानांची इच्छा होती. सीडीवर त्यांचा राग. जुनी खरखर काढून टाकताना गाण्यातलंही काही काढून टाकलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. "बोंबील धुवावा, पन किती?" ते म्हणायचे. "धुवून धुवून पानी केलं त्याचं. आता वास येत नाय म्हनून खूश, आन् चव पन नाय."

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "पोरी, पुस्तक ठेव. मना तुजा कान पायजे."

मी म्हटलं, "नाना, मला गाण्यातलं काही कळत नाही."

"म्हनूनच. ज्याला कळतो त्याला आधीच ठरवलेला आयकू येतो."

पद्धत अशी होती. मी शोकेसकडे तोंड करून बसायचं, म्हणजे कोणतं यंत्र चालू आहे ते दिसणार नाही. चारही प्रती एकाच स्पीकरमधून. आधी प्रत्येकीचा आवाज सारखा करून घ्यायचा, कारण "जोरात वाजला की बरा वाटतो, ती फसवनूक हाय." मग नाना क्रम बदलून चारही वाजवणार आणि मी नंबर सांगायचा. तबकडी शेवटी असली तर गाणं संपल्यावर सुई आतल्या रेघेत खर्र-टक, खर्र-टक करत फिरत राहायची. मी उत्तर दिल्याशिवाय नाना ती उचलत नसत.

मला काय वाटतं, असं तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. घरी नाही, वर्गात तर नाहीच. वर्गात मी सरांच्या चेहऱ्याकडे बघून मान डोलावते. समजलं नाही तरी डोलावते, कारण बाकीच्यांना समजलेलं असतं. त्या रविवारी मी चारही वेळा गाणं ऐकलं आणि मला चारही सारखीच वाटली. एकात खरखर जास्त, एकात कमी, एवढंच. बाकी एकच बाई, एकच गाणं. पण हे सांगायची लाज वाटली. आणि शोकेसच्या काचेत, बाहुल्या आणि स्टीलच्या ग्लासांच्या मधून, मला मागचे नाना दिसत होते. डोळे मिटलेले, मांडीवर हात. तिसऱ्या नंबरला त्यांचा अंगठा हळूहळू हलायला लागला.

"तीन," मी म्हटलं.

"बरोब्बर!" नाना एवढे खूश झाले की त्यांनी वहिनींना बोलावलं. "आयकलंस काय? पोरीला कान हाय!"

वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "दोन हायत. मी मघाशीच मोजले."

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं, परीक्षा सोडल्या तर दर रविवारी, मी अंगठा बघून नंबर सांगितला. म्हणजे मी खोटं बोलले. आधी लाजेने, नंतर सवयीने, आणि नंतर नाना किती आनंदाने वहीत लिहितात ते बघून. एकेक गाण्याला ते महिना महिना लावत. आज ढगाळ आहे, आज लाइट कमी-जास्त होतेय, पुन्हा ऐकू. मधल्या वेळात मला शिकवायचाही प्रयत्न करत. एकदा म्हणाले, "बाई गाते तवा सगलेच आयकतात. बाई थांबली की मागं आयक." मागे काय आहे ते मात्र सांगितलं नाही. मी मागे ऐकायचा प्रयत्न केला. मला खाडीकडून येणारा होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला.

काही गोष्टी तेव्हाच कळायला हव्या होत्या. दुसऱ्या वर्षी एकदा त्यांनी नवी सुई बसवली आणि म्हणाले, "बघ, खरखर कशी सगली गेली." मला तर कढईत काहीतरी तळल्यासारखी खरखर ऐकू येत होती. मला वाटलं, ज्यांना गाणं कळतं त्यांचे कान खरखर बाजूला ठेवत असतील आणि माझे अजून तिथवर पोचलेले नाहीत. मी म्हटलं, "हो नाना, गेली." पुढे त्यांनी सांगितलं की नंबर तोंडाने सांगू नकोस, बोटं वर कर. "बोललं की गानं मोडतं." मला ते फार आवडलं होतं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या आणि नाना त्या कुकरच्या शेजारीच उभे असायचे. वहिनी आतून पळत यायच्या. मला हे सगळं दिसत होतं.

ते जाण्याच्या आदल्या रविवारी शेवटचं गाणं उरलं होतं, चौदावं, एक भैरवी. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. चारही प्रती त्यांनी दोनदा वाजवल्या. तबकडी शेवटी होती. भैरवी संपली, सुई फिरत राहिली, आणि मला वाटलं आता ही यादी ठाण्याला जाणार, लोक ती बघून गाणी ऐकणार, आता तरी सांगायला हवं. वळायचं धैर्य झालं नाही. काचेकडे बघतच मी म्हटलं, "नाना, मला यातला फरक ऐकू येत नाही. पहिल्यापासून नाही येत."

मागून काहीच आलं नाही. खर्र-टक, खर्र-टक. काचेत नाना पेन्सिल हातात धरून माझ्या पाठीकडे बघत होते. रागावलेले नव्हते. वाट बघत होते, जसे दर वेळी बघायचे तसे...  मी चार बोटं वर केली.

"बरोब्बर," नाना म्हणाले आणि सुई उचलली.

तेराव्यानंतर वहिनींनी मला वर बोलावलं. "तुमची ती वही घेऊन जा. ठान्याचा मानूस पुढच्या महिन्यात येईल." यंत्रांच्या टेबलाच्या खणात वही होती आणि तिच्यावर एक छोटी डबी. मी विचारलं, हे काय. वहिनी म्हणाल्या, "कानाची मशीन. दोन वर्सं झाली आनून. दोनदा लावली आसंल. म्हनायचे, हिच्यातनं बाई पत्र्याच्या डब्यात बसून गाते." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तुला नव्हता माहीत? आमी समजत होतो, तुला सांगितलाय. तुज्याच कानावर चाललेला सगला."

वही उघडली. सुरुवातीची पानं नानांची एकट्याची, माझ्या आधीची. बारीक अक्षर. 'तानपुरा स्पष्ट.' 'स अक्षर जरा टोचतं.' 'श्वास ऐकू येतो.' मग दोन रकाने, 'ना.' आणि 'क.' काही पानांवर दोन्ही भरलेले. मग एका रविवारी 'ना.'च्या रकान्यात एक आडवी रेघ आणि खाली लिहिलेलं, 'आजपासून क.चा कान.' पुढे शेवटच्या पानापर्यंत डावीकडे रेघा आणि उजवीकडे माझे नंबर. नंबरापुढे, त्या वेळी काय वाजत होतं ते. जवळजवळ सगळीकडे एकच शब्द: तबकडी.

मी जिन्यात बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं. नानांना माहीत असायचं की आता तबकडी लावली आहे. अंगठा त्यांच्या आठवणीवर हलत होता. मी अंगठ्यावर नंबर सांगत होते. ते माझ्या नंबरावर लिहीत होते. त्या रविवारांमध्ये त्या खोलीत बाई गात होत्या आणि आम्ही दोघंही त्यांना ऐकत नव्हतो.

वहिनींना सांगितलं. रडत सांगितलं, त्यामुळे नीट सांगता आलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग आता खरा लिव. महिना हाय. यंत्रं कोन हलवत नाय."

"मला ऐकूच येत नाही, वहिनी."

"ते नानांना येत नव्हता. तुजे कान हायत ना जाग्यावर? बस आन् आयक."

गेल्या रविवारी दुपारी बसले. भैरवीच घेतली. नानांनी केलं होतं तसं चारही प्रतींचा आवाज सारखा करून घेतला. त्यातच अर्धा तास गेला. क्रम मला ठाऊकच होता, म्हणून शोकेसकडे तोंड करायची गरज नव्हती, तरी प्रत्येक प्रत लावून तिथेच जाऊन बसत होते. काचेत बाहुल्या, ग्लास आणि मागे नानांची खुर्ची. बघायला अंगठा नव्हता. पहिली प्रत ऐकली, काही वाटलं नाही. दुसरी, लाँग प्ले, सुरू झाली. बाईंनी पहिली ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. आणि मागे... बंद खिडकीच्या काचेवर माशी गुणगुणत राहते तसं काहीतरी, पण गोड, बारीक, चालूच असलेलं. तानपुरा. मग बाईंनी श्वास घेतला, तोही आला. मी उठून पुन्हा पहिली प्रत, म्हणजे सीडी, लावली. तिथे बाई थांबल्या की मागे काहीच नव्हतं, धुतलेली मोरी असते तसं. कॅसेटमध्ये थोडंसं, दबलेलं. आणि नानांच्या तबकडीत ते असणारच, पण खरखरीच्या खाली गेलेलं. खूप शोधलं तेव्हा शेवटी एकदा सापडलं.

मला एवढा आनंद झाला की मी मान वळवली.

वहीत भैरवीच्या ओळीवर 'क.'खालचा चार खोडला आणि दोन लिहिला. पुढे तबकडी खोडून लाँग प्ले लिहिलं. नानांना ते पटलं नसतं. भांडले असते माझ्याशी, आणि मीही कदाचित भांडले असते. डावीकडची रेघ तशीच ठेवली. तेरा गाणी उरली आहेत आणि रविवार तीनच.

तबकडी शेवटी लावलेली होती. माझं लिहून झालं तरी सुई आतल्या रेघेत फिरत होती, खर्र-टक, खर्र-टक. मी काचेकडे तोंड करून बसले आणि दोन बोटं वर केली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग उठले आणि सुई उचलली.