बेडकाचं उत्तर

“चूक!” अख्खा वर्ग ओरडला. पहिल्या रांगेतली माझी मुलगीही ओरडली. दुसरीत आहे ती.

पडद्यावर पाच चिंबोऱ्या होत्या, म्हणजे खेकडे. बाहुल्यांतल्या बेडकाने त्या मोजल्या आणि म्हणाला, “पाच हायेत.” बेडकाचा आवाज माझा होता. उत्तर बरोबर होतं.

चाचणी होती ती. कार्यक्रम टीव्हीवर यायच्या आधी पनवेलजवळच्या आमच्या गावच्या शाळेत दाखवून बघत होते. बेडूक बोलला की कार्यक्रम करणाऱ्या मॅडम चित्र थांबवायच्या. मुलांनी सांगायचं, बरोबर की चूक. या वेळी मॅडम हसल्या. सहकाऱ्याला म्हणाल्या, “अरे, हे बरोबर होतं! किती क्यूट ना, बेडकावर कुणाचा विश्वासच नाही. कॅरेक्टर मस्त जमलंय.”

मी भिंतीला टेकून उभी होते. बेडूक कोण ते मुलांना दाखवायला मला मुद्दाम बोलावलं होतं.

माझी आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या पाटीशेजारी बसून मी घासाघीस शिकले. पुढे रिक्षावर भोंगा लावून साड्यांच्या सेलची जाहिरात फिरते ना, तो आवाज माझा झाला. त्यासाठी जिभेवरची आगरी बोली खरवडून काढली. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘नाय’चं ‘नाही’. कुणी शिकवलं नाही. हसणाऱ्यांनी शिकवलं.

मग हे काम आलं. मुलांना आकडे शिकवणारा बाहुल्यांचा कार्यक्रम, मूळचा तमिळ. देशातल्या कितीतरी भाषांत होणार होता. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमच्या मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत शिकता यावं, हीच आयडिया आहे. घरी बोलता तसंच बोला.” आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बोलीसाठी बोलावलं होतं. मी अख्ख्या आळीत सांगत सुटले.

अटी मी वाजवून घेतल्या. किती तास, एक वाक्य किती वेळा, गाडी दारापर्यंत. सगळं विचारलं. बाकीची पात्रं कशी बोलणार, एवढंच विचारलं नाही. डबिंगला प्रत्येकाचा दिवस वेगळा. हातात फक्त आपल्या वाक्यांचा कागद. कानात तमिळ. बेडूक चुकतो हे दिसत होतं. पोरांच्या कार्यक्रमात कुणीतरी चुकणारच. मला वाटलं, सगळेच आमच्यासारखे बोलणार.

बेडकासोबतच्या खारीचा आवाज मी त्या वर्गात पहिल्यांदा ऐकला. स्वच्छ, पुस्तकातला. बेडूक आमच्या बोलीत चुकायचा, खार त्याची चूक तिच्या मराठीत सुधारायची. एकदा. दोनदा. तीनदा. चौथ्या वेळी मुलांनी चिंबोऱ्या मोजल्याच नाहीत.

मी पुढे गेले. मुलीला म्हटलं, “मोज गो. किती हायेत?”

तिने बोटाने मोजल्या. “पाच.”

“बेडूक किती बोलला?”

“पाच.”

“मग चूक कशी?”

ती म्हणाली, “आये, तो आपल्यासारका बोलतो ना.”

गुरुजींनी खिडकीकडे बघितलं.

मॅडमशी मी नेहमी साडीच्या जाहिरातीतलं मराठी बोलायचे. त्या दिवशी नाही. म्हटलं, “मॅडम, उरलेलं भाग मी करनार नाय. खार आमच्यासारकी बोलंल, तवा बोलवा.”

“ताई, असं कसं? खार शिकवते. तिचं शुद्धच लागतं. पालक तक्रार करतात हो.”

“मी पालक हाय. करते तक्रार.”

त्या मोबाईल चाळत म्हणाल्या, “बघा बाई. तुमच्याच लोकांसाठी चाललंय हे. आवाज काय, नक्कल करणारे खूप मिळतात.”

मिळाला. मुंबईचा कुणीतरी. तो आमची बोली नाकातून बोलतो आणि लोक हसतात. आधीचे भाग माझ्याच आवाजात लागतात. कागदावर सही माझी आहे, थांबवता येत नाही. रोज संध्याकाळी घराघरातून मी चुकते आणि गावची पोरं खूश होतात.

माझी मुलगी आता मला ‘आये’ म्हणत नाही. ‘आई’ म्हणते. मी काही विचारलं की क्षणभर थांबते, मग पुस्तकातलं उत्तर देते. मी रागावत नाही तिच्यावर. तिला हे शिकवलं गेलं, आणि शिकवणारा आवाज माझा होता.

हे मी कुणाला माफ करणार नाही. त्यात मीही आले. यापुढे आमची बोली मागायला कुणी दारात आलं, तर आधी अख्खी संहिता माझ्या मांडीवर ठेवायची. सगळ्यांची वाक्यं. बरोबर उत्तर कुणाच्या तोंडी आहे, तिथे बोट ठेवून मला दाखवायचं. ते तोंड आमच्या बोलीत बोलणार नसेल, तर चुकणारं तोंडही आमच्याकडून मिळणार नाही. गावात आणखी चौघी आहेत आवाज देऊ शकणाऱ्या. चौघींच्या घरी जाऊन मी हे सांगून आले आहे.