हातक्लच आणि आमचे हे

आमच्या ह्यांची एक खोड. कुणाचा आधार घ्यायचा न्हाई. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, पण पडले तरी आपले आपण उठणार. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी पुढं केलेला हात कधी धरला न्हाई. लई राग यायचा मला.

पायानं क्लच दाबता येईना म्हणून देगलूरच्या व्यंकटी मिस्त्रीनं आमच्या जुन्या ट्रॅक्टरला हातानं ओढायचा क्लच बसवून दिला. तेव्हापासून आमचं वावर हेच पेरतात. यंदा ऐन हरभऱ्याच्या पेरणीत त्या क्लचनं दगा दिला. इंजिन नुसतं बोंबलायचं अन् ट्रॅक्टर जाग्यावरच. जळका वास वेगळाच.

त्यात वारा सुटलेला, ओल उडून चाललेली. थोरले दीर, संगमेशभाऊजी, तासातासाला फोन करायचे. दुपारपर्यंत चालू झालं न्हाई तर भाड्याचा ट्रॅक्टर लावतो, अन् बसवंताला, म्हणजे ह्यांना, आता घरीच बसू दे, म्हणाले. हे ऐकून ह्यांनी डबा उघडला न्हाई. मी बांधावर नुसत्या येरझाऱ्या घालून राहिले. ती सीट गेली की हा माणूस आतून खचणार, हे मला ठाऊक.

व्यंकटी आला, खाली वाकला अन् कपाळावर हात मारला. लिव्हरला दोन बोटं ढील पाहिजे, ती कणभरबी न्हवती. लिव्हरचा दांडा वाकला होता. त्यानं गिअर कुरकुरायचे, म्हणून हे दर खेपेला नट आवळायचे. आवळून आवळून क्लच पुरता बसेना, म्हणून घसरायचा. व्यंकटीनं दांडा ठोकून सरळ केला, नट ढिला केला, बोटं लावून ढील मोजली. प्लेट एवढा हंगाम काढंल, म्हणाला.

पण एवढा जाड दांडा वाकला कसा, त्यानं विचारलं. काय माहीत, म्हणत हे वर चढायला लागले. दोन्ही हातांनी लिव्हर धरून, सगळा भार त्याच्यावर टाकून. व्यंकटी बघतच राहिला. अगं बाई, रोज तर बघत होते की मी हे असं चढणं.

"उतरा आप्पा," व्यंकटी ह्यांना म्हणाला. "असंच चढलात तर सांजच्याला परत वाकंल."

धरून चढायला मडगार्डावर कडी वेल्डिंग करून देतो, पण ती उद्या, म्हणाला. ह्यांची मान खाली. तेवढ्यात फोन वाजला, भाऊजींचाच. मी उचलला न्हाई. पदर खोचला अन् ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"टाका खांद्यावर हात. मी न्हाई वाकत."

ह्यांनी वर सीटकडं बघितलं, वाळत चाललेल्या वावराकडं बघितलं. मग हात आला, चांगला जड. वर बसून लिव्हर सोडला अन् ट्रॅक्टर निघाला. मग मी फोन लावला अन् भाऊजींना सांगितलं, भाड्याचा ट्रॅक्टर नको. बी भरायला हे सहा वेळा उतरले, सहा वेळा चढले. खांदा पार ठणकून निघाला.

दुसऱ्या दिवशी व्यंकटी कडी घेऊन हजर. ह्यांनी त्याला चहा पाजला अन् म्हणाले, कडीची काय एवढी घाई हाय.