काकांच्या नावापुढची तिथी

तुमच्यातले निम्मे लोक हे वाचून हसणार आहेत. हसा. दोन महिन्यांपूर्वी मीही हसले असते. या ग्रुपवर कोणी पांढऱ्या साडीवालीचा किस्सा टाकला की खाली "चष्म्याचा नंबर तपासा" अशी कमेंट करणारी मीच. अकरा वर्षं वेबसाइट बनवतेय. स्क्रीनवर जे दिसतं ते कोणीतरी लिहिलेलं असतं, आपोआप काही होत नाही... एवढीच माझी श्रद्धा होती.

तर झालं असं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, जाडजूड छापील पुस्तक. कोण कोणाचा मुलगा, कधी जन्मला, कधी गेला. नवी आवृत्ती छापण्याऐवजी वेबसाइट करायची असं ठरलं, आणि घरातली फुकट डेव्हलपर म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी डोंबिवली पूर्वेला राहते, घरूनच काम करते. संपादक आमचे आप्पाकाका, वय एक्क्याऐंशी, राहणार ठाणे. रोज सकाळी चहाबरोबर त्यांचा फोन ठरलेला.

तारखांवरून या माणसाने माझा जीव खाल्ला. "केतकी, हे बारा तिरकी रेघ तीन म्हणजे काय? बारा मार्च की तीन डिसेंबर? आपण काय अमेरिकेत राहतो?" शेवटी मी टेम्प्लेट बदललं. टेम्प्लेट म्हणजे पानाचा साचा हो. माणसं शेकडो, साचा एकच. त्यात फक्त सांगून ठेवायचं, इथे जन्मतारीख दाखव, इथे निधनाची दाखव, महिना मराठीत, आकडे देवनागरीत. निधनाची तारीख भरलेली नसेल तर जन्मतारखेपुढे नुसती एक रेघ यायची.

त्या रेघेवरूनच सुनंदाकाकूचा फोन आला.

ही माझी सख्खी काकू. ठाकुर्लीला तळमजल्यावर एकटीच राहते. तिचे यजमान, आमचे अरविंदकाका, वीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात "खडवलीला मित्राकडे जाऊन येतो" म्हणून गेलेले, ते आलेच नाहीत. आधीही दोनदा असेच न सांगता महिना-महिना गायब झालेले आणि आपले आपण परत आलेले, म्हणून पहिले काही दिवस कोणी मनावर घेतलं नाही. मग पोलीस, पेपरात फोटो, सगळं झालं. काही पत्ता नाही. काकू आजही कुंकू लावते. आणि दुपारी दार सताड उघडं टाकून समोर खुर्चीत बसते. सोसायटीतले ओरडतात, "काकू, चोर शिरेल एखादा!" पण ती काही दार लावत नाही.

"ह्यांच्या नावापुढे ती रेघ नको गं," ती म्हणाली. "माणूस कधी जातोय याची वाट बघत बसल्यासारखं वाटतं."

काकांसाठी साच्यात वेगळी अट लिहिली. जन्मतारखेनंतर काहीही दाखवायचं नाही, रेघसुद्धा नाही. तपासून बघितलं, पान नीट दिसत होतं. मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास घरच्या ग्रुपवर लिंक टाकली.

दहा मिनिटांत माझा नवरा मंदार फोन हातात घेऊन बाहेर आला. "अगं, अरविंदकाकांचं कधी कळलं? मला बोलली नाहीस ते."

"काय कधी कळलं?"

त्याने फोन पुढे केला. काकांचं नाव, खाली जन्मतारीख. आणि तिच्याखाली... निधन – कार्तिक वद्य सप्तमी.

माझी आधी तळपायाची आग मस्तकात गेली. पासवर्ड माझ्याशिवाय फक्त आप्पाकाकांकडे! लावला फोन आणि नाही नाही ते बोलले. सगळं ऐकून ते म्हणाले, "अगं, अरविंद माझा धाकटा भाऊ. त्याच्या नावापुढे हे लिहायला माझा हात उठेल का?" आणि रडायलाच लागले हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग लॅपटॉप उघडला. अरविंदकाकांचा निधनाचा रकाना रिकामा. तसाही त्या रकान्यात दिवस-महिना-वर्ष एवढंच बसतं, तिथी टाकायची म्हटली तरी तो घेणार नाही. अख्ख्या कोडमध्ये "कार्तिक" शब्द शोधला. एकदाही नाही. तिथी काढणारं काही मी लिहिलेलंच नव्हतं, मला स्वतःला तरी कुठे येते काढता? आणि पानावर मात्र ती ओळ, मंदारच्या फोनवर, माझ्या लॅपटॉपवर, दोन्हीकडे. मंदारने स्क्रीनशॉट काढला.

तेवढ्यात काकूचा फोन. म्हटलं, आता ही ओक्साबोक्शी रडणार.

"ती तिथी तुला कोणी सांगितली?" आवाज एकदम शांत.

"कोणीच नाही गं काकू, काहीतरी घोळ झालाय, आत्ता काढते—"

"काढू नकोस. तुझा लॅपटॉप घेऊन इकडे ये."

रिक्षा करून गेले. दार नेहमीसारखं उघडं. काकूने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कॅलेंडरचं एक पान काढलं. काका घरातून गेले त्या वर्षीचा नोव्हेंबर. एका चौकोनाला पेनाने गोल, आत तिच्या अक्षरात "दु. ३". आणि त्याच चौकोनात बारीक छापलेलं, कार्तिक वद्य सप्तमी.

"त्या दिवशी हे आलेले," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. "कोण आलेलं?"

"हे. दुपारी तीनला बेल वाजली. दारात उभे. अंगावर जाताना घातलेलाच शर्ट. म्हणाले, सुनंदा, पाणी दे. सात महिन्यांनी येऊन पाणी दे! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जिथे होतात तिथेच प्या. आणि दार लावून घेतलं गं तोंडावर." तिने पान पुन्हा पिशवीत घातलं. "पाच मिनिटांनी उघडलं तर कोणी नाही. सांगू कोणाला? नवऱ्याला दारातून हाकललं म्हणून?"

मी तिचा हात धरून ठेवला.

मग तिने विचारलं ते ऐकून मी उडालेच. "तुमच्या त्या साइटवर तारखेबरोबर वेळ दाखवता येते का?"

"येते, पण आपण कोणाचीच वेळ भरलेली नाही काकू. वेळ भरली नसली की कॉम्प्युटर रात्रीचे बारा धरतो, सगळ्यांपुढे तेच दिसतील."

"दाखव तरी. तीनच्या आधी गेले की नंतर, एवढंच मला कळू दे. नंतर गेले असतील तर माझ्यामुळे गेले."

तिची समजूत काढायला म्हणून साच्यात तास आणि मिनिटं घातली. पान पुन्हा उघडलं. आजोबा, रात्री १२:००. आजी, रात्री १२:००. मोठी आत्या, रात्री १२:००. म्हटलं होतं ना, तसंच. खाली सरकवत काकांपर्यंत आले.

निधन – कार्तिक वद्य सप्तमी, सकाळी ६:४०.

आई शप्पथ सांगते, लॅपटॉप मांडीवरून पडता पडता राहिला. काकूने चष्मा पुसून तीन-तीनदा वाचलं, स्क्रीनवर बोट ठेवून.

"सकाळी?"

"सकाळी, काकू."

"म्हणजे दार लावलं तेव्हा हे..." आणि तेव्हा ती रडली. वीस वर्षांचं रडली. "मी नाही गं हाकललं त्यांना. माझ्यामुळे नाही गेले."

मी पाणी आणायला उठले. येऊन बघते तर ओळ गायब. जन्मतारखेपुढे काही नाही, साचा सांगत होता तसंच. बाकीच्यांपुढचे बारा जसेच्या तसे. मंदारच्या फोनमध्ये तिथीचा स्क्रीनशॉट आहे. वेळेचा काढायला सुचलंच नाही, त्यामुळे ती आम्ही दोघींनीच पाहिली.

त्यानंतर ऑफिसातल्या मित्राला सगळा कोड दाखवला, सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. काही सापडलं नाही. काका नेमके कुठे गेले, कसे गेले, हेही कळलेलं नाही. कोणाला काही सुचत असेल तर सांगा, "चष्मा बदला" म्हणालात तरी ऐकून घेईन.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी मी निघाले तेव्हा चार वाजायचे होते, बाहेर लख्ख ऊन. चपला घालून दोन पायऱ्या उतरले आणि मागे कडी लागल्याचा आवाज आला. काकूने दार लावून घेतलं होतं.