पत्र्यावरचा आकडा

शनिवार, १० जानेवारी. सकाळच्या गाडीने कुर्डुवाडीहून सोलापूर. स्टेशनवरून रिक्षाने अक्कलकोट रोड एमआयडीसी. दुपारचं जेवण तिथेच. संध्याकाळी परत.

या ब्लॉगवर मी एरवी देवळं आणि किल्ले लिहितो. या वेळी धाकट्या भावाच्या कारखान्यात गेलो होतो. श्रीकांत दिवाळीनंतर वारला. मागे टॉवेलचे सहा यंत्रमाग राहिले. त्याची बायको सुनंदा म्हणाली होती, "भाऊजी, मला तिथं पाय ठेववत नाही. तुम्ही बघून या. चालण्यासारखं नसेल तर या महिन्यातच माग भंगारात देऊन टाकते." त्या मागांवर आठ जणांची घरं चालतात.

एमआयडीसी म्हटलं की रिक्षावाले भाडं वाढवून सांगतात. माझा अडीचशे म्हणाला, दोनशेत आला. कुणाला कारखाने बघायचे असतील तर ओळखीनेच जा आणि नाकाला रुमाल बांधा. आत सुताचे बारीक तंतू उडत असतात. शेडमध्ये बोलायचं तर कानाशी ओरडावं लागतं.

सहापैकी चार माग चालू होते. कोपऱ्यात छपरापर्यंत पोती रचलेली. "ही काय?" मी विचारलं.

"वेस्टेज," अंबादासअण्णा म्हणाले. ते इथले जुने मास्तर, श्रीकांतच्या पहिल्या दिवसापासूनचे. "लई निगतंय सध्या."

त्यांनी मला एका मागापाशी नेऊन दाखवलं. टॉवेलच्या मागावर सूत गुंडाळलेले दोन बीम, म्हणजे मोठे रूळ, असतात. खालच्यातून साधं कापड विणलं जातं, वरच्यातून त्यावरची मऊ फर. दोन्ही बीम एकदमच संपायला हवेत. इथे खालचा संपला होता आणि वरच्यावर जाड थर तसाच होता. तेवढं चांगलं सूत कापून पोत्यात जाणार.

"असं का होतंय?"

"व्यापारी आता हलका टॉवेल मागतोय. फर कमी लागती."

"मग वरचं सूत कमी घ्यायचं."

बीम भरायच्या यंत्रामागच्या पत्र्याकडे अण्णांनी हात केला. तिथे खडूने १४०० लिहिलं होतं, वरच्या बीमवर किती मीटर सूत घ्यायचं तो आकडा. श्रीकांत एकचा शेंडा नेहमी वळवायचा. ओळखायला वेळ लागला नाही.

बॉबिन भरणारी रेणुका तिकडून ओरडली, "अण्णा, त्यो आकडा काय देव हाय व्हय? दोन महिनं झालं, सूत चाललंय पोत्यात!"

"मग तू पूस की!"

"मी कशाला? माजा हात झडंल!"

दोघंतिघं हसले. अण्णा हसले नाहीत. मी विचारलं, "श्रीकांत हा आकडा बदलायचा का कधी?"

"बदलायचे की. सकाळी आल्या आल्या टॉवेल वजनाला लावायचे. फरक पडला की पुसून नवा लिहायचे."

"तुम्हाला तो हिशोब येतो?"

"येतो की साहेब. त्यांनी माज्याकडूनच शिकला." मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "पर ह्ये पुसलं तर मालकाचं अक्षर हितं कुटंच ऱ्हात न्हाय."

मी फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला. यंत्रावरचं फडकं घेऊन आकडा पुसला. एकदा पुसून गेला नाही, फडकं ओलं करावं लागलं. रेणुकाने तेवढ्यापुरतं आपलं यंत्र थांबवलं होतं. अण्णांनी खडू माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "तुम्ही लिहा." त्यांनी एक टॉवेल तोलला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि १२०० लिहिलं.

जेवायला अण्णा बाहेरच्या खानावळीत घेऊन गेले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. स्वस्त आणि चांगलं.

रात्री सुनंदाला फोन केला. पुसल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आणखी एक महिना बघू. त्यापुढं माझ्याच्यानं होणार नाही."

हे लिहितोय ते आठ दिवसांनी. आज सकाळी अण्णांचा फोन आला. नव्या आकड्याचा पहिला बीम संपला. वरच्या बीमवर हातभर सूत उरलं.

"चांगलं झालं," मी म्हटलं.

"व्हय. मालक असते तर तेवढंबी उरलं नसतं."

दोन माग अजून बंदच आहेत आणि हलक्या टॉवेलला भाव कमी मिळतो. महिन्यानंतर काय होईल मला माहीत नाही. सूत वाचलं हे खरं. पण श्रीकांतच्या हातचं तिथे जे शेवटचं होतं, ते मी पुसलं, हेही खरं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पुसेन. फोटो मात्र काढायला हवा होता, असं रोज वाटतं.

सकाळी अण्णांचा फोन ठेवला. एक वाटी तांदूळ निवडले, धुतले आणि कुकर लावला.